माणसासाठी कामगंध सापळा नसतो

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीला मैत्रिणीच्या मळ्यात गेले होते. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये ठिकठिकाणी काठ्यांना सापळे टांगलेले. वर टोपी, टोपीखाली रबराची ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष, त्याखाली नरसाळं आणि नरसाळ्याला लांबलचक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीच्या तळाशी पतंग पडलेले, सगळे नर. मैत्रिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा पिशवी रिकामी करता करता हळूच म्हणाला, "मावशी, माणसांसाठीपण असलं काही मिळतं म्हणे. ऑनलाइन. फेरोमोन परफ्यूम. चालतं का खरंच?"

मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून मला विचारलं असेल. पण विचारण्याआधी आई लांब आहे ना, हे त्याने मान वळवून पाहून घेतलं होतं, तेव्हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नव्हता. मी म्हटलं, "नाही चालत." त्याचा चेहरा पडला. मग मलाच वाटलं, एवढ्यावर सोडणं बरोबर नाही. वासाचा आणि प्रेमाचा संबंध आहे, चांगला घट्ट आहे, पण तो बाटलीवर छापलेला असतो तसा नाही.

आधी सापळ्याचं बघू. फेरोमोनला शेतीत रुळलेला मराठी शब्द आहे कामगंध, आणि इतका नेमका शब्द मूळ भाषेलाही सुचलेला नाही. मादी पतंग ठरावीक रसायन हवेत सोडते, नर वाऱ्याच्या उलट दिशेने त्याचा माग काढत येतो. ल्यूरमध्ये तेच रसायन कारखान्यात बनवून भरलेलं असतं. नर येतो, मादी नसते, पिशवी असते.

हा पदार्थ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती लागला १९५९ साली, रेशीमकिड्यात. येवल्याची पैठणी ज्या रेशमाची विणतात तोच हा तुतीवरचा किडा. जर्मन रसायनतज्ज्ञ अडॉल्फ ब्युटेनांट यांनी त्याच्या सुमारे पाच लाख माद्यांमधून जेमतेम काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा काढला. त्याचा अंशमात्र वास लागला तरी नर पंख फडफडवायला लागतो. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी घडवला गेला.

कामगंधाच्या अटी कडक आहेत. एका जातीचा प्राणी सोडतो, त्याच जातीच्या दुसऱ्याला कळतो, आणि पुढची प्रतिक्रिया ठरलेली असते. ती शिकावी लागत नाही आणि टाळताही येत नाही. टोमॅटोची फळं पोखरणाऱ्या अळीची ल्यूर लावली, तर वांगी पोखरणाऱ्या अळीचा नर तिकडे फिरकतही नाही.

माणसात असं एकही रसायन आजवर निर्विवादपणे सापडलेलं नाही. गुरांच्या, घोड्यांच्या, सापांच्या नाकाशी या कामासाठी एक वेगळं इंद्रिय असतं. गाय हुंगल्यावर वळू मान वर करून, वरचा ओठ दुमडून क्षणभर तसाच उभा राहतो, ते खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. त्या इंद्रियापर्यंत वास पोचवायची ती रीत. माणसाच्या नाकात त्याची खूण म्हणून बारीकसा खड्डा उरलाय, पण तिथून मेंदूकडे जाणारी तार तुटलेली आहे, आणि ती यंत्रणा चालवायला लागणारं एक महत्त्वाचं जनुक आपल्यात केव्हाच निकामी झालंय.

मग त्या बाटल्यांत असतं काय? बऱ्याचदा अँड्रोस्टेनोन किंवा त्याचा एखादा भाऊबंद. अँड्रोस्टेनोन हे नर डुकराच्या लाळेत सापडणारं रसायन आहे. वराहपालन करणारे त्याचा स्प्रे खरोखर वापरतात. माजावर आलेल्या मादीला तो वास आला की ती जागच्या जागी स्तब्ध उभी राहते. माणसांचं तसं काही होत नाही. नाकातल्या एका जनुकाचा कोणता प्रकार वाट्याला आलाय त्यावर, कुणाला त्याचा लघवीसारखा घाणेरडा वास येतो, कुणाला गोडसर येतो, आणि कुणाला काहीच येत नाही. हे सांगितल्यावर तो मुलगा इतका हसला, की ऑर्डर आधीच दिलेली होती आणि ती आता रद्द होणार, हे मी ओळखलं.

खरं तर नाशिकच्या माणसाने नाकाच्या बाबतीत अडाणी राहणं शोभत नाही. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नासिक, ही आपली सगळ्यांत लाडकी व्युत्पत्ती. (नऊ शिखरांवरून नाव पडलं असंही सांगतात, पण ते ऐकताना कुणाचे डोळे चमकत नाहीत.) ती बिचारी आली होती लग्नाची मागणी घालायला. गोष्ट सांगताना आपण तेवढा भाग घाईघाईने उरकतो.

तर नाक काम कसं करतं? वासाचे रेणू श्वासाबरोबर वर चढतात आणि नाकाच्या छतापाशी असलेल्या ओलसर अस्तरात विरघळतात. तिथे त्यांना पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, आणि २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. एक ग्राहक म्हणजे एक वास, असा सरळ हिशेब नसतो. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीजास्त छेडतो. पेटीच्या चार पट्ट्या एकदम दाबल्यावर जसा एक भरीव सूर ऐकू येतो, तसा त्या सगळ्यांचा मिळून एक वास मेंदूला कळतो. मोगरा म्हणजे अशाच पन्नासेक पट्ट्या एकदम.

पण प्रेमाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पुढचा रस्ता. डोळ्यांची आणि कानांची खबर आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या देवडीवर थांबते, तिथून नोंद होऊन आत जाते. वासाला ही देवडी लागत नाही. घरचं माणूस मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात यावं तसा तो, भावना हाताळणारं अमिग्डाला आणि आठवणी साठवणारं हिप्पोकॅम्पस यांच्या दारात पोचतो. म्हणून एखादा वास आला की आधी पोटात काहीतरी हलतं, आणि हा कुठला, कुणाचा, हे मागाहून आठवतं. पुष्कळदा आठवतही नाही.

आपल्या पूर्वजांना मेंदूतली ही वाट माहीत नव्हती, पण शब्द त्यांनी बरोबर जोडले होते. वास आणि वासना. तीळ फुलांत ठेवले की त्यांना फुलांचा वास लागतो, आणि असे तीळ गाळले की निघालेलं तेलही सुगंधी येतं. तसा अनुभव मनाला लागून राहतो, अशी उपमा जुन्या बौद्ध आचार्यांनी 'वासना' या शब्दासाठी दिली होती. आपण पुढे त्या शब्दाला बदनाम केलं, हा भाग वेगळा.

आता माणसाचा स्वतःचा वास. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत एका खास प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि थोडासा स्निग्ध घाम सोडतात. त्वचेवरचे जिवाणू तो खातात, आणि त्यांच्या जेवणानंतर जे उरतं त्याला आपण घामाचा वास म्हणतो. त्यातल्या एका प्रमुख आम्लाचं वर्णन गंधतज्ज्ञ 'जिऱ्यासारखं' असं करतात. फोडणी देताना हे आठवू नये. कुणाच्या अंगावर कोणते जिवाणू आणि घामात कोणते पदार्थ, हे ज्याचं त्याचं असतं, म्हणून वासही ज्याचा त्याचा. खाण्याचाही परिणाम होतो, आणि तो आपल्याला वाटतो तसाच होतो असं नाही. प्रागच्या संशोधकांनी पुरुषांना लसूण खाऊ घालून त्यांच्या काखेचे बोळे बायकांना हुंगायला दिले. लसूण खाल्लेल्यांचा वास उलट जास्त बरा वाटला. तोंडाचा वास हा अर्थात निराळा विषय आहे.

वास आणि जोडीदाराची निवड यांचा जो प्रयोग सगळीकडे सांगितला जातो तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा, १९९५ सालचा. क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ विद्यार्थ्यांना दोन रात्री एकच सुती टीशर्ट घालून झोपायला सांगितलं. साबण सुगंधाचा नको, परफ्यूम नको, मसालेदार खाणं नको. मग ते टीशर्ट खोक्यांत घालून ४९ विद्यार्थिनींना हुंगायला दिले. दोन्हीकडच्यांची एचएलए जनुकंही तपासली होती. किडनी देताना जुळणी बघतात ती हीच. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखू देणारी ही जनुकं. किडनीसाठी ती जितकी जुळतील तितकं बरं. मुलींना मात्र आपल्याशी न जुळणाऱ्यांचे टीशर्ट जास्त आवडले. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये निकाल उलटा आला. पुढे होणाऱ्या मुलांना आई-वडील दोन्ही बाजूंनी वेगवेगळे पहारेकरी मिळाले तर ती जास्त रोगांना तोंड देतील, असा त्यामागचा तर्क.

हे वाचलं की आपल्याकडे कुणीतरी ताबडतोब म्हणतं, बघा, सगोत्र नको हे आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं. त्यांना मी एवढंच विचारते, की मग मामाची मुलगी कशी चालते? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती हक्काची नवरी मानतात, आणि ती जनुकांच्या हिशेबाने कुठल्याही सगोत्र परक्यापेक्षा जवळची असते.

शिवाय बर्नचा निकाल नंतर तसा टिकला नाही. पुढे झालेल्या प्रयोगांत कधी तो परत मिळाला, कधी नाही, आणि सगळे आकडे एकत्र मांडल्यावर परिणाम जवळपास शून्याला येऊन टेकतो. टीशर्टचा प्रयोग लोकप्रिय झाला कारण गोष्ट छान होती. मला स्वतःला त्यातला उरणारा भाग पुरेसा वाटतो, आणि तो म्हणजे माणसाचा वास हा अगदी त्याचा एकट्याचा असतो आणि दुसऱ्याला तो आवडतो किंवा खटकतो. नाकाकडे नकाराचा अधिकार आहे. होकार देण्याएवढं एकट्या नाकाचं चालत नाही.

आपल्या लग्न जमवण्याच्या पद्धतीत तर नाकाला हा नकाराधिकारही नाही. स्थळाचं वर्णन 'नाकी-डोळी नीटस' असं करतात, म्हणजे नाक बघतात. नाकाला विचारत नाही कोणी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला दोघं समोरासमोर पाच फुटांवर बसतात, मधे दहा माणसं, आणि सगळ्या घरात मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा दरवळ. वास पारखायला याहून वाईट प्रयोगशाळा सापडायची नाही. जन्मतः वासच न येणाऱ्या माणसांचा एक अभ्यास २०१३ मध्ये जर्मनीत झाला होता. त्यात अशा पुरुषांच्या आयुष्यात जोडीदार कमी आलेले दिसले, आणि बायकांना जोडीदाराच्या बाबतीत खात्री कमी वाटत होती. अभ्यास लहान होता, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

मग अत्तराचं काम काय? अंगाचा वास झाकणं, असं बहुतेक जण म्हणतील. प्रागमध्येच हे तपासलं गेलं. माणसाने स्वतः निवडलेलं परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासात मिसळलं, तर ते मिश्रण इतरांना जास्त आवडलं. संशोधकांनी नेमून दिलेलं दुसरं परफ्यूम बाटलीत तितकंच छान वाटत असूनही अंगावर तेवढं जमलं नाही. म्हणजे आपण नकळत आपल्या वासाला जुळेल तेच उचलतो. भेट म्हणून परफ्यूम देणं हे बिनमापाची चोळी शिवण्यासारखं का असतं, ते यातून कळावं.

लिव्हरपूलचा २००९ चा प्रयोग मला याहून आवडतो. काही तरुणांना सुगंधी स्प्रे दिला, काहींना दिसायला तसाच पण बिनवासाचा. काही दिवसांनी त्यांचे छोटे व्हिडिओ काढले आणि आवाज बंद करून मुलींना दाखवले. मुलींना वास यायचा प्रश्नच नव्हता. तरी खरा स्प्रे वापरणारे तरुण त्यांना जास्त आकर्षक वाटले. फोटोत मात्र फरक पडला नाही. चेहरा तोच होता, फरक होता तो हालचालीत, बसण्या-बोलण्यात. स्प्रेचा परिणाम झाला होता तो फवारून घेणाऱ्यावर. मोहाडीच्या त्या पोराला मी फोनवर हेच सांगितलं, की सुगंध लाव, पण तो तिच्यासाठी आहे असं समजू नकोस. तो तुझ्या मानेचा कणा ताठ करायला आहे.

त्याचा पुढचा प्रश्न गुलाबाचा होता. नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद नाव दिलं होतं, आणि आज दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे पॉलीहाऊसमध्ये लाल गुलाबांचे वाफेच्या वाफे उभे असतात. १४ फेब्रुवारीच्या आधीच्या पंधरवड्यात पॅकहाऊसमध्ये रात्र-रात्र प्रतवारी चालते. त्यातलं एक फूल उचलून नाकाला लावा. हिरव्या पानांचा, थोडा कोबीसारखा वास येईल, फार तर. प्रेमाचं फूल म्हणून जगभर जाणारं हे फूल बिनवासाचं आहे. दांडा लांब हवा, पाकळ्या जाड हव्यात, फुलदाणीत दहा दिवस टिकावं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली आणि वास मागे पडला. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी गुलाबाचा सुगंध घडवणारं एक वितंचक (एन्झाइम) शोधलं. सुवासिक जातींत त्याचं जनुक जोरात चालतं, आणि बिनवासाच्या जातीत ते झोपलेलं सापडलं. म्हणून मी म्हटलं, द्यायचाच तर गावठी गुलाब दे, हार-गुलकंदाचा. दोन तासांत मान टाकेल, पण तेवढ्यात काम झालेलं असेल.

आणि मोगऱ्याच्या गजऱ्याला तर तोड नाही. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि अंधारात दरवळतो, कारण मूळ आमंत्रण रात्री उडणाऱ्या पतंगांना आहे. त्याच्या सुगंधात लिनालूल आहे, बेन्झाइल ॲसिटेट आहे, आणि थोडंसं इंडोल आहे. इंडोल विष्ठेतही असतं, आणि एकटं, भरपूर असेल तर त्याचा वास डांबरगोळीसारखा येतो. चिमूटभर असलं की फुलाला तो जडपणा येतो, ज्याला आपण मादक म्हणतो. नुसत्या गोड वासाने कुणी वेडं होत नाही. त्यात देहाची किंचित कुबट आठवण लागते, आणि हे अत्तरवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चौसष्ट कलांत गंधयुक्ती ही एक कला उगाच नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने तर सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार घेतली तर १,८२० मिश्रणं होतात, असा हिशेब मांडून ठेवलाय. वर प्रमाणं बदला, म्हणजे आणखी किती होतील ते बघा.

जुन्या नाशकातल्या अत्तरवाल्याकडे गेलात, तर तो बाटलीच्या बुचाची काडी तुमच्या मनगटामागे ओढतो आणि म्हणतो, फिरून या. हा सल्ला मोठ्या दुकानातल्या कागदाच्या पट्टीपेक्षा शहाणा आहे. परफ्यूममध्ये आधी लिंबू-संत्र्यासारखे हलके रेणू उडतात, ते अर्ध्या तासात संपतात. मग फुलं येतात, आणि शेवटी चंदन, कस्तुरीसारखे जड वास उरतात. आपण विकत घेतो तो पहिला अर्धा तास, आणि समोरच्याला सहन करावे लागतात ते पुढचे पाच तास. पारंपरिक अत्तराला चंदनतेलाची बैठक असते, म्हणून ते स्पिरिटमधल्या परफ्यूमसारखं भपकन उडत नाही, कातडीला धरून राहतं. लांबून येत नाही, जवळ गेल्यावरच येतं. हळदीकुंकवाला बायका हाताच्या पाठीवर अत्तर लावतात त्यात हाच हिशेब असावा.

एक धोका मात्र सांगायला हवा. नाक एकाच वासाला काही मिनिटांत कंटाळतं आणि त्याची खबर देणं बंद करतं. आपलं परफ्यूम आपल्याला येईनासं होतं, म्हणून माणूस पुन्हा फवारतो, आणि नाशकात सीबीएस बसस्टँडवरून कॉलेज रोडला निघालेल्या शेअर रिक्षात शेजारच्याचा जीव घुसमटतो. स्वतःला येत नाही म्हणजे कमी पडलं, असं नसतं.

आता उरलं जुनं झालेलं प्रेम, आणि माझ्या मते वासाची खरी कामगिरी तिथेच आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ९६ स्त्रियांना टीशर्ट हुंगायला दिले. काहींना जोडीदाराचा, काहींना परक्या पुरुषाचा, काहींना कोरा. मग त्यांना खोटी मुलाखत आणि तोंडी हिशेब असा ताण दिला. जोडीदाराचा वास घेतलेल्यांना ताण कमी जाणवला. परक्याचा वास घेतलेल्यांमध्ये कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. त्याच गटाने पुढे १५५ जणांना जोडीदाराचा वापरलेला टीशर्ट उशीवर घालून झोपायला लावलं. त्या रात्री झोप मोजून दोन टक्क्यांनी सुधारली, झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या गोळीने सुधारते साधारण तेवढी. यात कामगंध कुठेच नाही. वर्षानुवर्षं शेजारी झोपून तिळाला फुलाचा वास लागावा तसं झालेलं आहे.

माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याला भारीतलं परफ्यूम आणलं. तो आयुष्यभर एकच साधी चंदनाची पावडर लावणारा माणूस. त्याने कौतुकाने आठवडाभर लावलं. आठव्या दिवशी हिचा फोन, "अगं, वास छानच आहे गं, पण रात्री जाग येते आणि घरात कोणीतरी पाहुणा झोपलाय असं वाटतं." बाटली आता बाहेरच्या खोलीतल्या कपाटात आहे. लग्नाकार्याला जाताना तीच लावते.